उपचारातला हलगर्जीपणा आणि सदोष वस्तूंमुळे झालेली इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात काही विपरीत घडले किंवा घरातल्या वस्तूने कुणाला भाजले-कापले, की माणसे आधी रडतात, मग चिडतात, आणि कागदपत्रांचा विचार महिन्या-दोन महिन्यांनी करतात. तोवर फाइल 'सापडत नाही' असे उत्तर यायला लागते, फुटलेला कुकर भंगारात गेलेला असतो, औषधाचे पाकीट कचऱ्यात पडलेले असते. ग्राहक आयोगातल्या कितीतरी तक्रारी तिथेच हरतात. म्हणून पुढच्या उत्तरांत कागद, तारीख आणि पोच हे शब्द पुन्हा पुन्हा येतील. ही माहिती महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य रुग्णांसाठी आणि ग्राहकांसाठी आहे. तुमच्या प्रकरणाचा नेमका सल्ला मात्र तुमची फाइल वाचलेल्या वकिलाकडूनच घ्या.

ऑपरेशन झाले आणि रुग्ण दगावला. म्हणजे हलगर्जीपणा झालाच ना?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. सगळे रीतसर होऊनही माणूस हाताशी लागत नाही, असे घडते. उपचारांचा शेवट कसा झाला यापेक्षा उपचार कसे केले गेले, याकडे न्यायालय बघते. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत जे करील, ते या डॉक्टरांनी केले का? ही कसोटी इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातून आली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात तिच्यावर शिक्कामोर्तब केले. दोन मान्य उपचारपद्धती असताना डॉक्टरांनी त्यातली एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर तो हलगर्जीपणा ठरत नाही.

याहून जुना आणि आपल्याच मातीतला निकाल आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात एका तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले. तिथे आवश्यक ती भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि मुलगा गेला. वडिलांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांवर तीन जबाबदाऱ्या असल्याचे सांगितले: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीने ठरवणे, कोणता उपचार द्यायचा हे काळजीने ठरवणे आणि तो उपचार काळजीने देणे. तक्रार लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा, आपले म्हणणे या तिन्हींपैकी कुठे बसते? एका वाक्यात उत्तर देता आले तर तुमच्या तक्रारीला पाया आहे.

मग हलगर्जीपणा ठरलेली उदाहरणे कोणती?

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेवेळी एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्यातून ती दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरले. त्याच वर्षी मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली, हाच मुळात हलगर्जीपणा आहे असे न्यायालय म्हणाले. जे शास्त्र शिकलाच नाहीत त्याचे औषध द्यायचे नाही, इतके ते साधे आहे.

आणखी एक प्रकरण प्रत्येक आई-बापाने लक्षात ठेवावे असे आहे. डॉक्टरांनी बाळाला एक इंजेक्शन लिहून दिले होते, नर्सने दुसरेच आणायला सांगितले आणि टोचले. बाळाच्या मेंदूला कायमची इजा झाली. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या या खटल्यात १९९८ मध्ये बाळाला साडेबारा लाख आणि त्याच्या आई-वडिलांना वेगळे पाच लाख रुपये मिळाले, कारण आयुष्यभर त्याचे करणारे आई-वडीलही 'ग्राहक' आहेत, असे न्यायालयाने मानले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा ठरावीक आठवड्यांत तपासून घ्यावा लागतो. तामिळनाडूत सरकारी रुग्णालयाने ते सांगितलेच नाही, मुलीची दृष्टी गेली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई मंजूर केली. न सांगणे, न तपासणे हासुद्धा हलगर्जीपणा असतो, हे आपल्याकडे पुरेसे रुजलेले नाही.

उद्धट बोलणे, तासन्‌तास ताटकळत ठेवणे, बिल फुगवणे यांची तक्रार वेगळी करता येते, पण ती आणि उपचारातली चूक एकाच कागदावर कालवू नका. मूळ मुद्दा पातळ होतो.

संशय आला. सर्वांत आधी काय करू?

फाइल मागा. नोटीस, वकील, पोलीस, वर्तमानपत्र हे सगळे त्यानंतर.

नोंदणीकृत डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे ठेवावे लागते आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागते. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर रुग्णालयाचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. काउंटरवर पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. ते दोन-चार पानांचे सार असते आणि ते शेवटी लिहिले जाते. अर्जात नावानिशी मागा: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सच्या नोंदी, औषधांचा चार्ट, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, संमतीपत्रे, शस्त्रक्रियेची टिपणे, भुलीचा चार्ट, सगळे तपासणी अहवाल, एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरांची टिपणे आणि तपशीलवार बिल.

फाइल हाती आली की औषधांचा चार्ट आणि नर्सच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून वाचा. चार्टवर प्रत्येक डोसची वेळ आणि देणाऱ्याची सही असते. तीन दिवसांचे डोस एकाच पेनने, एकाच ओघात, एकाच तिरप्या अक्षरात भरलेले दिसले, तर ते मागाहून बसून भरले असावेत अशी शंका घ्यायला जागा आहे. मधल्या ओळीत कोंबलेले वाक्य, गिरवून बदललेली वेळ, पांढरी शाई यांवर पेन्सिलने खूण करा. नर्सने रात्री १ वाजता 'श्वास लागतो आहे, डॉक्टरांना कळवले' असे लिहिले असेल आणि डॉक्टरांची पुढची नोंद थेट पहाटे ५ ची असेल, तर तुमची अख्खी तक्रार कदाचित त्या चार तासांत आहे.

तुमच्याकडचे कागदही तितकेच मोलाचे. मेडिकल दुकानाची बिले, औषधांची रिकामी पाकिटे, डॉक्टरांशी झालेले मोबाइलवरचे संदेश, कॉलच्या वेळा हे काहीच पुसू नका. आणि आठवते आहे तोवर दिवसवार हकिगत लिहून काढा: कोण, केव्हा, काय म्हणाले. वर्षभराने उलटतपासणीत हेच कामी येते.

रुग्ण गेला आहे. शवविच्छेदनासाठी हट्ट धरू का?

मृत्यूचे कारण संशयास्पद वाटत असेल तर हो. त्या क्षणी नातेवाइकांना ते नकोसे होते आणि त्यांना दोष देता येत नाही. पण अंत्यसंस्कारानंतर मृत्यूचे नेमके कारण सिद्ध करण्याचा हा मार्ग कायमचा बंद होतो आणि रुग्णालयाने दाखल्यावर लिहिलेले कारणच उरते. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. अकस्मात मृत्यूची नोंद होऊन शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात होते. घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाने हे काम अंगावर घ्यावे, आईला किंवा पत्नीला त्यात ओढू नये.

रुग्णालय फाइल देत नाही, काय करू?

७२ तास उलटल्यावर पोच जोडून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. सरकारी किंवा पालिकेचा दवाखाना असेल तर रुग्ण स्वतः किंवा वारस माहितीच्या अधिकारात अर्ज करू शकतात. ग्राहक आयोगात गेल्यावर रेकॉर्ड हजर करण्याचा आदेश मागता येतो. मागूनही रेकॉर्ड दिले नाही, ही गोष्ट आयोग रुग्णालयाच्या विरोधात धरू शकतो. अर्थात, तुम्ही मागितले होते याची पोच तुमच्याकडे हवी.

बिल थकले म्हणून मृतदेह किंवा रुग्ण अडवून ठेवता येतो का?

नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आली आणि थकलेल्या बिलापोटी मृतदेह देण्यास नकार देता येत नाही, हे त्यात आहे. पैसे वसूल करायला रुग्णालयाला दिवाणी मार्ग मोकळा आहे. तिथल्या तिथे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना फोन करा आणि गरज पडली तर पोलिसांना बोलवा.

आम्ही संमतीपत्रावर सही केली होती. आता काही करता येते का?

येते. संमतीपत्र म्हणजे उपचारातल्या नेहमीच्या धोक्यांची कल्पना दिली होती याचा पुरावा. हलगर्जीपणा करण्याची परवानगी कुणी देऊ शकत नाही, आणि 'काही झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत' या छापील ओळीने जबाबदारी संपत नाही.

२००८ च्या समीरा कोहली प्रकरणात दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी संमती घेतली होती. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकले. जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि रुग्ण सज्ञान होती. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही आणि थोड्या वेळात शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याने संमती देऊन भागत नाही, असा निकाल लागला. म्हणून संमतीपत्राची प्रत जरूर मागा आणि बघा: शस्त्रक्रियेचे नाव कुणाच्या अक्षरात आहे, मोकळ्या जागा नंतर भरल्यासारख्या दिसतात का, रुग्णाला कळणाऱ्या भाषेत ते आहे का. कोऱ्या फॉर्मवर सही करायला सांगितले तर तिथेच थांबून आधी तो भरून मागा. तो तुमचा हक्क आहे, आगाऊपणा नव्हे.

तक्रार कुठे करायची? ग्राहक आयोग, कोर्ट, वैद्यक परिषद की पोलीस?

तुम्हाला काय हवे आहे त्यावर ते ठरते. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. डॉक्टरांच्या परवान्यावर कारवाई व्हावी असे वाटत असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती समज देऊ शकते, नोंदणी काही काळ किंवा कायमची काढून घेऊ शकते, पण भरपाई देत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येते. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारा दवाखाना असेल तर दिवाणी न्यायालय.

डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात का, हा वाद अजून अधूनमधून उकरला जातो. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'येतात' असे सांगितले. २०१९ चा नवा कायदा आल्यावर त्यातून डॉक्टर वगळले गेले, असा दावा झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला. वकिलांना मात्र २०२४ च्या निकालाने या कायद्याबाहेर ठेवले आहे.

रुग्णालयात येऊन-जाऊन काम करणाऱ्या डॉक्टरची चूक असेल तर 'ते आमचे नोकर नाहीत' हा रुग्णालयाचा बचाव २००४ पासून चालत नाही. रुग्णालय आणि डॉक्टर दोघांनाही सामनेवाले (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा.

पोलिसांत गुन्हा दाखल होतो का?

होतो, पण त्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जीपणा लागतो. जेकब मॅथ्यू निकालानुसार तपास अधिकाऱ्याने आधी शक्यतो सरकारी सेवेतल्या, त्या विषयातल्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यायचे असते आणि डॉक्टरला सरसकट अटक करायची नसते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्यास एरवी ५ वर्षांपर्यंत आणि नोंदणीकृत डॉक्टरने उपचार करताना घडल्यास २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

माझे मत विचाराल तर बहुतेक कुटुंबांची शक्ती या वाटेवर विनाकारण खर्च होते. फौजदारीत पुराव्याची पातळी फार वरची लागते, भरपाईचा प्रश्न तिथे सुटत नाही, आणि आरोपी निर्दोष सुटला की सामनेवाले तोच निकाल आयोगासमोर नाचवतात.

आणि हात उचलू नका, काचा फोडू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचा हल्ला आणि रुग्णालयाची तोडफोड अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली आहे. त्या गोंधळात मार खाणारा बहुधा रात्रपाळीचा शिकाऊ डॉक्टर असतो. त्याचा निर्णयात काहीच वाटा नसतो.

सरकारी दवाखान्यात मोफत उपचार झाले. आम्हाला ग्राहक म्हणता येईल का?

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथल्या सेवेला ग्राहक कायदा लागू नाही, नुसत्या केसपेपरच्या नाममात्र शुल्काने फरक पडत नाही. जिथे काही रुग्ण पैसे भरतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथले मोफत उपचार घेणारेही ग्राहक ठरतात. शांता निकालातच हे स्पष्ट आहे. बाकीच्यांना दिवाणी दावा आहे. वर सांगितलेल्या टॉवेलच्या प्रकरणात भरपाई त्याच वाटेने मिळाली.

सगळा खर्च मेडिक्लेमने दिला. तरी तक्रार करता येते?

येते. विमा कंपनीने किंवा नोकरीच्या ठिकाणाने पैसे भरले तरी सेवा पैशांनीच घेतलेली असते.

किती दिवसांत तक्रार करावी लागते?

कारण घडल्यापासून २ वर्षांत. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज देता येतो, पण पटण्याजोगे कारण हवे.

चूक लपलेली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजता येते, पण या सवलतीवर विसंबून राहू नका. मुंबईत १९९३ मध्ये एका महिलेचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. पोटात कापसाच्या जाळीचा बोळा राहिला होता. दुखणे चालूच होते, ती वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेत राहिली, २००२ मध्ये स्कॅनमध्ये गाठ दिसली, बोळा निघाला, २००४ मध्ये तक्रार केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. ती स्वतः अनुभवी नर्स होती, इतकी वर्षे दुखत असताना तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायला हवे होते, असे न्यायालय म्हणाले. मला हा निकाल कठोर वाटतो. पण तो आहे, आणि त्यातून घ्यायची गोष्ट अशी की ऑपरेशननंतर दुखणे राहिले तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि त्या भेटीचा केसपेपर जपा.

तक्रारीला खर्च किती येतो? वकील लावावाच लागतो का?

वकील सक्तीचा नाही. शुल्क आणि आयोगाची पायरी आता तुम्ही मागत असलेल्या भरपाईवर नाही, तर तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. म्हणजे रुग्णालयाचे बिल ४ लाख आणि मागणी १ कोटीची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क शून्य आहे. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १००० रुपये.

आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. लातूरच्या माणसाने पुण्यात उपचार घेतले म्हणून पुण्याच्या फेऱ्या मारायला नकोत. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. दाखल करण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा, सदोष वस्तूंची प्रकरणे कधी कधी तिथेच मिटतात.

साध्या वस्तूची तक्रार स्वतः चालवा, जमते. उपचारातल्या हलगर्जीपणाची मात्र शक्यतो वकिलासोबतच चालवा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तज्ज्ञ डॉक्टरांचे मत लागतेच का?

प्रत्येक वेळी नाही. मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिल्याच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जिथे चूक धडधडीत दिसते तिथे तज्ज्ञाची सक्ती करू नये. पोटात टॉवेल राहणे चूक आहे हे कळायला सर्जन लागत नाही. पण अँजिओप्लास्टी तासाभराने आधी करायला हवी होती की नाही, हे तुम्ही-मी सांगू शकत नाही. तिथे त्या विषयातल्या डॉक्टरचे लेखी मत मिळवाच. त्याच शहरातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात, म्हणून दुसऱ्या शहरातल्या निवृत्त प्राध्यापकांकडे विचारा. ते फाइल वाचून 'यात काही नाही' म्हणाले, तर तेही ऐकून घ्या.

भरपाई किती मिळते?

लोकांच्या मनात २०१३ चा कुणाल साहा खटला असतो. कोलकात्यातल्या उपचारांनंतर १९९८ मध्ये त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ कोटींहून अधिक रक्कम आणि ६ टक्के व्याज मंजूर केले. त्या रकमेत त्यांच्या पत्नीच्या अमेरिकेतल्या संभाव्य कमाईचा मोठा वाटा होता, शिवाय पतीने स्वतः डॉक्टर असल्याने पंधरा वर्षे लढा दिला होता. तो आकडा आपल्या तक्रारीत डकवू नका.

आयोग हिशेब बघतो. झालेला खर्च, पुढे लागणारे उपचार, बुडालेले उत्पन्न, कायमचे अपंगत्व, सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा पगार, सोसलेल्या यातना. प्रत्येकाला कागद जोडा: अपंगत्वाचा दाखला, पगारपत्रक किंवा प्राप्तिकराचे विवरणपत्र, प्रवासाच्या पावत्या. घरकाम करणाऱ्या बाईचे उत्पन्न शून्य असे लिहू नका. तिच्या श्रमाला किंमत आहे हे न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केले आहे.

निकाल किती दिवसांत लागतो?

कायदा म्हणतो ३ महिन्यांत, वस्तूची तपासणी लागल्यास ५ महिन्यांत. प्रत्यक्षात वर्षे जातात. एक मुदत मात्र कडक आहे: सामनेवाल्यांनी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत म्हणणे मांडायचे असते. ४५ दिवसांनंतर ते घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस आहेत.

कुकर फुटला आणि भाजले. कंपनी म्हणते, तुम्ही नीट वापरला नाही.

फुटलेला कुकर, झाकण, शिट्टी, रबरी रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह जसेच्या तसे पिशवीत बांधून ठेवा. 'तपासून देतो' म्हणून दुकानदार किंवा कंपनीचा माणूस न्यायला आला तर देऊ नका. आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि वस्तूच गेली तर तपासायचे काय? जागेचे आणि जखमांचे फोटो त्याच दिवशी काढा.

२०१९ च्या कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. बनवण्यातला दोष, रचनेतला दोष, वापराच्या अपुऱ्या सूचना, यांपैकी कशामुळेही इजा झाली तर उत्पादक जबाबदार. बनवणारा कोण हे कळतच नसेल तर विक्रेत्याला धरता येते. वस्तूत फेरफार केला होता किंवा ती भलत्याच कामाला वापरली होती, हा बचाव मात्र येणारच. बाहेरून घेतलेला स्वस्त व्हॉल्व्ह बसवला असेल तर तो मुद्दा तुमच्या विरोधात जातो, म्हणून सुटे भाग कंपनीचेच घ्या आणि त्यांची बिले ठेवा.

१ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या वर आयएस २३४७ हा मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह कुणीही छापू शकते. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून कंपनीचे नाव जुळते का ते पाहा. हेल्मेटलाही हेच करा. बिनचिन्हाच्या वस्तू विकल्या जात असतील तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे कळवा. धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्यांना आहे.

बिल नाही. किंवा बिल भावाच्या नावावर आहे.

बिल न देणे ही त्या विक्रेत्याची अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, ऑनलाइन ऑर्डरचा संदेश, वॉरंटी कार्ड चालते. घेणाऱ्याच्या परवानगीने वापरणाराही ग्राहकच असतो.

गॅस सिलिंडरचा स्फोट झाला. भरपाई कोण देते?

याबद्दल फार कमी घरांना माहिती आहे. तेल कंपन्यांनी घरगुती गॅस ग्राहकांसाठी सामूहिक विमा काढलेला असतो. तुम्हाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेला एकूण ३० लाखांपर्यंत, तसेच नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. अपघात झाला की वितरकाला ताबडतोब लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे कंपनीला आणि विमा कंपनीला कळवणे हे त्यांचे काम. पोलिसांचा पंचनामा, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, उपचारांची मूळ बिले जपून ठेवा. वितरक 'असे काही नसते' म्हणाला तर ऐकू नका.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बघा. तिथे एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत करा. रबरी नळी ५ वर्षांनी बदला. गळती वाटली तर १९०६ वर फोन करा.

बाहेरचे खाऊन विषबाधा झाली तर?

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर कुठे, काय आणि केव्हा खाल्ले ते लिहून घ्या. उरलेले अन्न फ्रीजमध्ये ठेवून अन्न व औषध प्रशासनाला कळवा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ६५ नुसार असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाई देता येते.

औषधाची रिअ‍ॅक्शन आली. हा हलगर्जीपणा का?

नुसती रिअ‍ॅक्शन म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. तुम्ही अ‍ॅलर्जी सांगूनही तेच औषध दिले असेल तर वेगळी गोष्ट. पाकिटावरचा बॅच क्रमांक जपा आणि १८००-१८०-३०२४ या औषधसुरक्षा हेल्पलाइनवर कळवा. रुग्ण स्वतः कळवू शकतो.

रस्ता अपघातासाठीही ग्राहक आयोगातच जायचे का?

नाही, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. कायद्यातली मुदत ६ महिन्यांची आहे, ती पाळा. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजनाही आहे. आणि जखमीला घेऊन आलेल्या माणसाला रुग्णालयाने पोलिसांच्या कागदांसाठी अडवू नये. तातडीच्या उपचारांना आधी प्राधान्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

रुग्णालय किंवा कंपनी चेक द्यायला तयार आहे. घ्यावा का?

रक्कम पुढच्या उपचारांना पुरणार असेल आणि घरातल्यांना तारखांचा भार पेलवणार नसेल, तर जरूर घ्या. तडजोड म्हणजे हार नव्हे. फक्त तब्येत स्थिर होण्याआधी सही करू नका, कारण 'यापुढे कोणतीही तक्रार राहिलेली नाही' ही ओळ त्या कागदावर असणारच, आणि पुढे दुसरे ऑपरेशन करावे लागले तर दार बंद झालेले असते. कागद घरी नेऊन वकिलाला दाखवायला दोन दिवस मागा. आज रात्रीच सही करा असा तगादा लावत असतील, तर त्याचे कारण विचारा. तक्रार आधीच दाखल झालेली असेल तर आयोगाच्या मध्यस्थी कक्षामार्फत तडजोड नोंदवा. तिच्यावर आयोगाचा आदेश होतो आणि पैसे थकवले तर वसुली करता येते. तक्रार मागे घेण्याचा अर्ज मात्र चेक वटून रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्या.